पगाराचा बंद लिफाफा उघडण्याआधी

वाचकाचे पत्र:

चाकणमध्ये आमची यंत्रभाग बनवणारी कंपनी आहे आणि मी तिथे मनुष्यबळ विभाग सांभाळते. सहा वर्षांपूर्वी आमच्या मालकांनी जर्मनीतला एक कारखाना विकत घेतला. तिथे आज 170 कामगार आहेत आणि कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळही आहे. नेदरलँड्समध्ये आमचे बारा जणांचे विक्री कार्यालयही आहे. युरोपीय संघाच्या पगार पारदर्शकतेच्या नव्या नियमांची तयारी करायला हवी, असे तिथल्या व्यवस्थापकांनी कळवले आहे. आमच्याकडे पगार हा कायम गोपनीय विषय राहिला. वार्षिक वाढीचे पत्र बंद लिफाफ्यात देतात, नेमणूकपत्रात ‘पगाराची वाच्यता करू नये’ असे कलम आहे आणि तेच कलम आम्ही जर्मनीतल्या करारांतही घातले. ‘कायदा अंगावर येईल तेव्हा बघू, आतापासून लोकांच्या डोक्यात कशाला भरवता?’ असे मालकांचे म्हणणे आहे. त्यातच तिथल्या गुणवत्ता तपासणी विभागातल्या एका महिलेने लेखी विचारले आहे, की तेच काम करणाऱ्या शेजारच्या सहकाऱ्याला माझ्यापेक्षा जास्त पगार का? मी पगारपत्रके काढून पाहिली. तिचे म्हणणे खरे आहे. आधीच्या नोकरीत त्याचा पगार जास्त होता, एवढेच कारण मला सापडले. विभागातल्या पगारांचा तक्ता सोबत जोडला आहे. मी तिला काय उत्तर देऊ आणि मालकांना काय सांगू?

उत्तर:

सस्नेह नमस्कार.

तुम्ही प्रश्न विचारण्याआधी पगारपत्रके काढून पाहिलीत, ही या तयारीतली सर्वांत कठीण पायरी होती आणि ती तुम्ही चढून गेला आहात. बहुतेक कंपन्यांत नियमांची भाषांतरे वाचली जातात, सादरीकरणे होतात, वकिलांबरोबर बैठका होतात, पण कोणाला किती मिळते आणि का मिळते हा साधा तक्ता कोणी मांडत नाही, कारण त्यातून काय बाहेर येईल याची धास्ती असते. तुमच्या तक्त्याकडे मी येतेच. आधी मालकांच्या म्हणण्याचा विचार करू, कारण ते पटल्याशिवाय तुम्हाला पुढचे पाऊल टाकता येणार नाही.

पगार पारदर्शकतेचे हे नियम युरोपीय संघाच्या एका निर्देशात आहेत आणि त्याचा क्रमांक 2023/970 असा आहे. तो 10 मे 2023 रोजी मंजूर झाला आणि सदस्य देशांनी तो आपापल्या कायद्यात उतरवण्यासाठी 7 जून 2026 ही मुदत ठरवण्यात आली. निर्देशात जे आहे ते किमान आहे. एखादा देश त्याहून कडक नियम करू शकतो, सैल करू शकत नाही. म्हणून कलमांचे बारकावे जर्मनीतल्या आणि नेदरलँड्समधल्या कामगार कायद्याच्या वकिलाकडून समजून घ्या, पण पाया कुठे आहे हे आजच स्पष्ट आहे आणि त्यावर काम सुरू करायला कोणाची वाट पाहण्याचे कारण नाही.

मालकांना पहिली गोष्ट सांगायची ती तारखेची. 150 ते 249 कामगार असलेल्या आस्थापनांनी स्त्री-पुरुषांच्या पगारातील तफावतीचा पहिला अहवाल 7 जून 2027 पर्यंत द्यायचा आहे आणि त्यानंतर दर तीन वर्षांनी. 250 किंवा त्याहून अधिक कामगार असतील तर तो दरवर्षी द्यावा लागतो. 100 ते 149 कामगार असलेल्यांना 2031 पर्यंत सवड आहे. तुमचे 170 कामगार मधल्या गटात येतात. आता यातली मेख अशी, की अहवालात आधीच्या कॅलेंडर वर्षाची माहिती द्यायची असते. म्हणजे 2027 मध्ये जो आकडा जाहीर होणार, तो 2026 मध्ये दिलेल्या पगारांचा. मालक ज्या दिवसाची वाट पाहणार आहेत त्या दिवशी आकडे बदलण्याची संधी निघून गेलेली असेल.

दुसरी गोष्ट म्हणजे, समान कामाला समान वेतन हे तत्त्व काही नव्याने आलेले नाही. ते युरोपीय समुदायाच्या 1957 च्या रोम करारातच आहे. जर्मनीत 2017 पासून वेतन पारदर्शकतेचा स्वतंत्र कायदा आहे. मात्र सहकाऱ्यांच्या पगाराची तुलनात्मक माहिती मागण्याचा हक्क त्यात दोनशेहून अधिक कामगार असलेल्या ठिकाणांपुरता ठेवला होता, त्यामुळे तुमच्या कारखान्यात त्याची झळ पोहोचली नसावी. भेदभाव करण्याची मनाई मात्र तेव्हाही सर्वांना लागू होती. जर्मनीच्या सर्वोच्च कामगार न्यायालयाने 16 फेब्रुवारी 2023 रोजी दिलेला निकाल तुमच्या मालकांनी जरूर वाचावा. तिथे एका धातूउद्योगातील कंपनीत विक्री विभागात एक महिला आणि एक पुरुष जवळपास एकाच वेळी रुजू झाले. दोघांनाही मूळ पगार 3,500 युरो देऊ केला होता. तिने तो स्वीकारला, त्याने 4,500 मागितले आणि कंपनीने ते दिले. कंपनीचा बचाव असा होता, की त्याने चांगली घासाघीस केली, यात स्त्री-पुरुष हा मुद्दा येतोच कुठे? न्यायालयाने तो मानला नाही. समान काम असताना केवळ एकाने जास्त मागितले, म्हणून भेदभावाचे गृहीतक खोडून निघत नाही, असे न्यायालयाने ठरवले आणि तिला सुमारे 14,500 युरोंची थकबाकी व 2,000 युरोंची नुकसानभरपाई मिळाली. हा निकाल नव्या निर्देशाच्या आधारे दिलेला नाही, आधीच्या कायद्यांवरच दिलेला आहे. तेव्हा कायदा अंगावर येईल तेव्हा बघू, असे म्हणायला तुमच्या मालकांना आता जागा उरलेली नाही.

आता तक्ता. गुणवत्ता तपासणीत पाच महिला आणि चार पुरुष आहेत. महिलांचा सरासरी मासिक पगार 3,480 युरो आणि पुरुषांचा 3,850 युरो आहे. फरक 370 युरोंचा. तफावत पुरुषांच्या सरासरीच्या टक्केवारीत काढायची असते, म्हणजे ती 9.6 टक्के होते. हा आकडा पाहून घाबरूही नका आणि लगेच खुलासे शोधायलाही बसू नका. एकेक कारण कागदावर घ्या आणि ते उजेडात टिकते का, ते पाहा.

पुरुषांपैकी दोघे रात्रपाळी करतात आणि त्यांचा पाळीभत्ता चौघांत विभागला तर माणशी 90 युरो होतो. रात्रपाळी हे खरे कारण आहे, फक्त एक खातरजमा करा: ती पाळी महिलांना मागता येते का, आणि कोणी मागितली होती का? मागूनही नाकारली असेल, तर ते कारण तुमच्या विरोधात उभे राहील. ते टिकते असे धरू. पुरुषांची सरासरी 3,760 वर आली आणि तफावत 7.4 टक्के. एका पुरुष सहकाऱ्याकडे मापनयंत्रांचे कॅलिब्रेशन, म्हणजे त्यांची अचूकता तपासणे, आणि ग्राहकाकडे जाणाऱ्या तपासणी अहवालावर सही करण्याची जबाबदारी आहे, त्याचे 160 युरो वेगळे दाखवता येतात. चौघांत मिळून 40 युरो. आता सरासरी 3,720, फरक 240 युरो, तफावत 6.5 टक्क्यांच्या आतबाहेर. यापुढे तुमच्या तक्त्यात जी कारणे लिहिली आहेत ती अशी: ‘आधीचा पगार जास्त होता’, ‘मुलाखतीत मागणी केली होती’ आणि ‘व्यवस्थापकांची शिफारस’. या तिन्हींतले एकही कारण कामाबद्दल काही सांगत नाही. पहिले तर आधीच्या मालकाने केलेला अन्याय किंवा उदारपणा आपल्या खात्यावर उतरवून घेणे आहे. उरलेले 240 युरो हे विनाकारण आहेत आणि ते भरून काढावे लागतील. पाच महिलांचे मिळून महिन्याला 1,200 युरो, वर्षाला 14,400. त्यावर कंपनीने भरायचा सामाजिक विम्याचा हिस्सा धरला तर आणखी सुमारे पाचवा भाग. मालकांसमोर हा आकडा ठेवा. अंदाजाने वाटणाऱ्या भीतीपेक्षा प्रत्यक्ष रक्कम बहुधा लहान निघते, आणि माणूस रकमेशी व्यवहार करू शकतो, भीतीशी करू शकत नाही.

इथे एक गैरसमज आधीच दूर करते. निर्देशात पाच टक्क्यांची रेषा आहे. समान किंवा समान मूल्याचे काम करणाऱ्या एखाद्या कामगारगटात सरासरी तफावत किमान पाच टक्के असेल, तिचे लिंगनिरपेक्ष आणि वस्तुनिष्ठ कारण देता आले नसेल आणि अहवाल दिल्यापासून सहा महिन्यांत ती दूर केली नसेल, तर कामगार प्रतिनिधींबरोबर संयुक्त वेतन परीक्षण करावे लागते. यावरून काही सल्लागार असा अर्थ काढतात, की तफावत 4.9 टक्क्यांवर आणली की काम झाले. तसे नाही. ती रेषा परीक्षण कधी सक्तीचे होते एवढेच सांगते. एका महिलेला एका पुरुषापेक्षा विनाकारण दोन टक्के कमी मिळत असतील, तरी तिचा दावा शाबूत असतो. म्हणून पगारवाढ देताना सरासरी रेषेखाली खेचण्याचे गणित करू नका, व्यक्तीगणिक कारण तपासा. आणि फरक मिटवायचा तो खालच्याला वर आणून. वरच्याचा पगार गोठवून वा कापून तो मिटवण्याची कल्पना कोणी मांडलीच, तर तिथल्या तिथे नाकारा; ज्याने काहीच चूक केलेली नाही त्याला तुम्ही त्या महिलेच्या विरोधात उभे कराल.

एकाच टेबलावरच्या दोघांची तुलना सोपी असते. खरे अवघड काम ‘समान मूल्याचे काम’ ठरवण्याचे आहे, आणि तुमच्यासारख्या कारखान्यात सगळ्यांत जास्त वेळ त्याला लागेल. निर्देशाने चार कसोट्या दिल्या आहेत: कौशल्ये, परिश्रम, जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. कामाशी संबंधित मृदू कौशल्यांना कमी लेखू नये, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. तुमच्याकडे छोट्या भागांच्या जुळणीत जवळजवळ सगळ्या महिला आहेत आणि गोदामात फोर्कलिफ्टवर जवळजवळ सगळे पुरुष, आणि गोदामाची श्रेणी एक पायरी वर आहे. का आहे, असे विचारल्यावर ‘ते जड काम आहे’ हे उत्तर येईल. जड म्हणजे काय, याचा विचार करा. फोर्कलिफ्ट वजन उचलते, चालक नव्हे. त्याच्याकडे परवाना आहे, अपघाताची जोखीम आहे, थंडीत उघड्या दारात काम आहे, हे सगळे मोजले पाहिजे. तसेच भिंगाखाली आठ तास मान वाकवून मिलिमीटरच्या अंशाचा भाग बसवणे, बोटांचा आणि डोळ्यांचा ताण, एक चूक झाली तर अख्खा गठ्ठा परत येण्याची जबाबदारी, हेही मोजले पाहिजे. मोजल्यानंतर गोदाम वर राहिले तर राहू द्या. पण मोजलेलेच नसेल, तर ती श्रेणी सवयीने लागलेली आहे, असेच कोणीही म्हणेल.

हे मोजमाप पुण्यात बसून एक्सेलवर करू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. तुमच्या जर्मन कारखान्यात कामगारांनी निवडलेले प्रतिनिधी मंडळ, म्हणजे बेट्रीब्सराट आहे, असे तुम्ही लिहिता. वेतनरचनेच्या तत्त्वांबाबत त्या मंडळाला जर्मन कायद्याने आधीच सहनिर्णयाचा अधिकार आहे आणि नव्या निर्देशातही कामगार प्रतिनिधींना ठिकठिकाणी स्थान आहे. धातूउद्योगातल्या कामगारांच्या आयजी मेटाल संघटनेचा सामूहिक करार तुमच्या कारखान्याला लागू नसल्यामुळे आयती श्रेणीरचना तुमच्या हाताशी नाही. म्हणूनच कसोट्या आणि त्यांचे गुण त्यांच्यासोबत बसून ठरवणे अधिक गरजेचे आहे. मालकांना हे ‘संघटनेला आत घेणे’ वाटेल. ज्यांना त्या कामाचा रोजचा अनुभव आहे, त्यांच्याशिवाय त्याचे मूल्य ठरवता येत नाही, हे त्यांना तुमच्याइतके चांगले दुसरे कोणी समजावू शकणार नाही.

भरतीचे नियम त्या मानाने सरळ आहेत, पण तिथेच तुमच्या चाकणच्या सवयी आड येतील. उमेदवाराला सुरुवातीचा पगार किंवा पगाराची मर्यादा पुरेशी आधी कळली पाहिजे, जाहिरातीत किंवा मुलाखतीपूर्वी, जेणेकरून त्याला माहितीच्या आधारे बोलणी करता येतील. आणि आधीच्या किंवा चालू नोकरीतला पगार विचारायचा नाही. तुमच्या कार्यालयातला उमेदवारी अर्ज डोळ्यांसमोर आणा: ‘करंट सीटीसी’, म्हणजे चालू पगार, त्याच्या शेजारी ‘एक्स्पेक्टेड सीटीसी’, आणि खाली ‘मागील तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप जोडाव्यात’. जर्मनीसाठीची भरती याच अर्जावर होत असेल, किंवा पुण्यातली भरती संस्था फोनवर सहज विचारत असेल, तर ते आजच बंद करा. अपेक्षा विचारता येते, इतिहास विचारता येत नाही. ज्या प्रकरणावरून तुम्ही पत्र लिहिलेत, त्याचे मूळ याच एका रकान्यात आहे, हे तुमच्याही लक्षात आले असेल. माझे मत विचाराल, तर भारतातल्या अर्जावरूनही तो रकाना काढा. आपल्याकडे 1976 च्या समान मोबदला कायद्यापासून वेतनात स्त्री-पुरुष भेदाला मनाई आहे आणि आता ती 2019 च्या वेतन संहितेत आली आहे. पगार जाहीर करण्याची सक्ती आपल्या कायद्यात नाही, पण कमी पगारावर सुरुवात केलेल्या मुलीच्या प्रत्येक पुढच्या नोकरीत तोच कमीपणा ओढत नेणारा हा रकाना कोणत्या देशात योग्य ठरेल?

‘पगाराची वाच्यता करू नये’ हे कलम जर्मनी आणि नेदरलँड्सच्या करारांतून काढावेच लागेल, कारण समान वेतनाचा हक्क बजावण्यासाठी आपला पगार सांगण्यापासून कोणालाही रोखता येणार नाही. नुसते काढू नका, काढल्याचे लेखी कळवा, नाहीतर लोक जुन्या कागदाच्या धाकात राहतील. शिवाय माहिती मागण्याचा हक्क आस्थापनेच्या आकारावर अवलंबून नाही. नेदरलँड्समधल्या बारा जणांनाही तो आहे. कामगाराला स्वतःची वेतनपातळी आणि आपल्या गटातल्या स्त्री व पुरुषांच्या सरासरी वेतनपातळ्या लेखी मागता येतात, आणि उत्तर जास्तीत जास्त दोन महिन्यांत द्यायचे असते. हा हक्क असल्याची आठवण कंपनीनेच दरवर्षी सर्वांना करून द्यायची आहे. बारा जणांच्या कार्यालयात सरासरी सांगणे म्हणजे एखाद्याचा पगारच सांगणे ठरू शकते. अशा वेळी माहिती केवळ कामगार प्रतिनिधी, कामगार निरीक्षक किंवा समानता संस्थेमार्फत द्यावी, अशी तरतूद देश करू शकतात, तेव्हा तिथल्या वकिलाला हा प्रश्न नेमका विचारा.

मालकांसाठी आणखी एकच मुद्दा, आणि माझ्या मते सर्वांत वजनदार. पुराव्याचा भार फिरतो. पारदर्शकतेची बंधने कंपनीने पाळली नसतील, तर भेदभाव झाला नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी कंपनीवर येते. अपवाद फक्त उघडपणे अनवधानाने झालेल्या किरकोळ चुकीचा. भरपाईला वरची मर्यादा घालता येत नाही आणि दावा करण्याची मुदत तीन वर्षांपेक्षा कमी ठेवता येत नाही. कारणे आज लिहून ठेवलेली नसतील, तर तीन वर्षांनी न्यायालयात ती कोण आठवून सांगणार? नेमणूक करणारा व्यवस्थापक तोवर नोकरी सोडून गेलेला असेल.

तिथल्या पर्यवेक्षकांशी मात्र कोणताही कागद बाहेर जाण्यापूर्वी बोला. प्रश्न सर्वांत आधी त्यांच्यापाशी येतात, आणि त्यांना उत्तर माहीत नसले की ते ‘वरून ठरते’ असे सांगून मोकळे होतात. प्रत्येकाने आपल्या विभागातल्या दोन पगारांमधला फरक मोठ्याने समजावून सांगून पाहावा, तुमच्यासमोर. जिथे तो अडखळेल, तिथे तुमच्या तक्त्यात दुरुस्तीची जागा आहे असे समजा.

आता त्या महिलेचे उत्तर. तिला वाट पाहायला लावू नका आणि तोंडी समजूत काढू नका. तिचा पगार, तिच्या गटातल्या महिलांची आणि पुरुषांची सरासरी, रात्रपाळीचा आणि कॅलिब्रेशनच्या जबाबदारीचा वाटा, आणि त्यानंतर उरणारा फरक, हे सगळे साध्या जर्मनमध्ये एका पानावर लिहा. सहकाऱ्याचा वैयक्तिक आकडा त्यात नको. उरलेल्या फरकाला आम्हाला कारण सापडले नाही, असे स्वच्छ शब्दांत लिहा. वकील हे वाक्य मवाळ करायला सांगतील, त्यांच्याशी चर्चा करा, पण अर्थ बदलू देऊ नका. कोणत्या महिन्यापासून पगार दुरुस्त होईल ती तारीख द्या, आणि मागील थकबाकीचा हिशेब तिने दावा करण्याची वाट न पाहता तुम्ही स्वतः करून सोबत जोडा. उरलेल्या चौघींची पत्रे त्याच दिवशी तयार असू द्या, कारण विचारले एकीने असले तरी फरक पाचही जणींना लागू आहे. विचारल्याबद्दल तिच्या पाळीत, मूल्यमापनात वा बढतीत काही उलटे होणार नाही, याची जबाबदारी तिथल्या व्यवस्थापकाने लेखी घ्यावी. तसे संरक्षण तिला कायद्यानेही आहे. पत्रावर सही पुण्यातून करू नका, तिथल्या व्यवस्थापकालाच करू द्या, आणि त्याने ते बंद लिफाफ्यात टेबलावर ठेवून जाण्याऐवजी तिच्यासमोर बसून, तिला हवे असल्यास प्रतिनिधी मंडळातल्या कोणाला सोबत घेऊन, ओळ न् ओळ वाचून दाखवावे.